ऐंशी हर्ट्झच्या खाली

एका मंगळवारी ग्रंथपालांनी ठरवलं, की रविवारी मुलगी घरी यायच्या आत तिचं वाजवणं आपल्याला ऐकू आलंच पाहिजे.

मुलगी एका बँडमध्ये बेस गिटार वाजवते. गेल्या खेपेला तिनं नवं गाणं ऐकवलं, तेव्हा ग्रंथपालांनी गायिकेचं कौतुक केलं, ड्रमवाल्याचं केलं आणि मग प्रेमानं विचारलं, "पण यात तू कुठे आहेस गं?" मुलगी त्यानंतर जेवतानाही बोलली नाही. (ग्रंथपालांना शांतता फार प्रिय, पण ही शांतता त्यांना झोंबली.) तसा दोष कपाटावरच्या दोन चिमुकल्या स्पीकरचा होता. बेसचे इतके खालचे सूर त्यांना झेपतच नव्हते. म्हणून घरात खास खालच्या सुरांसाठीचा मोठा स्पीकर, सबवूफर, आला.

मुलीनं फोनवर समजावलं, "बाबा, क्रॉसओव्हर ऐंशी हर्ट्झवर ठेवा. त्याच्या खालचं सगळं सबवूफर वाजवेल, वरचं छोटे स्पीकर."

"आणि हे स्लोप काय आहे?"

"सबवूफरनं वरच्या सुरांमधून किती झटकन अंग काढून घ्यायचं, ते. बारावर ठेवलंत तर तो गायिकेच्या आवाजातही लुडबुडेल. चोवीसवर ठेवा."

लुडबुडणाऱ्याला झटकन बाहेर काढायचं, हे ग्रंथपालांना लगेच पटलं. तीस वर्षं वाचनालयात त्यांनी दुसरं काय केलं होतं? घराच्या खालच्या मजल्यावर राहणारे मास्तर तिथे वाचायला आले, की त्यांना तर ते वर्तमानपत्राचं पान उलटल्याबद्दलही ओठांवर बोट ठेवून "श्श!" करत. (आवाजाचं बटण दिसलं की ते आधी डावीकडे पार टेकवायचं, ही सवयही तिथलीच.)

आता राहिली जागा. त्याची पद्धत अशी, की सबवूफर सोफ्यावर आपल्या जागी बसवायचा आणि आपण खोलीभर रांगायचं. जिथे बेस भरदार ऐकू येईल, तिथे तो मांडायचा. शनिवारी सकाळी बाथरूममधलं वॉशिंग मशीन लावून बायको बाहेर आली, तर नवरा टेबलाखाली.

"काही पडलंय का?"

"बेस शोधतोय."

"रांगताच आहात, तर फडकं देते. तेवढी फरशी पुसून होईल."

बाथरूमच्या दाराशी मात्र ग्रंथपाल थबकले. चेहरा उजळला. "सापडला! अगं, पोटात जाणवतोय!"

सबवूफर तिथेच मांडला गेला. बेस थोड्या वेळानं गेला खरा, पण गाण्याचा शेवटच तसा असेल, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं.

रविवारी मुलगी हात धुवायला निघाली आणि सबवूफरला अडखळली.

"हा इथे कशाला?"

"हीच त्याची जागा. गुडघे सोलून शोधलीय."

मुलीनं वाकून मागची बटणं पाहिली. ऐंशी, बरोबर. चोवीस, तेही बरोबर. मग ती हसता हसता खालीच बसली. "बाबा, याचा आवाज शून्यावर आहे!"

"मग काल मी ऐकलं ते काय?"

तेवढ्यात बाथरूममध्ये मशीन कपडे पिळायला लागलं आणि कालचा बेस जसाच्या तसा परत आला.

ग्रंथपालांचा चेहरा पडला. "म्हणजे याही वेळी तू मला ऐकू आली नाहीस."

मुलीचं हसू थांबलं. तिनं तेच गाणं लावलं आणि त्यांचा हात धरून बटणावर ठेवला. "फिरवा. उजवीकडे."

उजवीकडे फिरवायची सवय नव्हती, त्यामुळे त्यांनी ते जरा जपूनच फिरवलं. गायिका गात होतीच. पण आता तिच्या खालून कुणीतरी सावकाश, ठाम पावलं टाकत चाललं होतं, आणि सगळं गाणं त्याच्या खांद्यावर बसलं होतं.

"ही तू!"

"हो."

"अगं, तू नसतीस तर हे गाणं कोसळलंच असतं!"

"तेच तर काम आहे माझं, बाबा," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. ग्रंथपालांचे तर केव्हाच वाहत होते. त्या आनंदात त्यांनी बटण आणखी उजवीकडे सारलं. मग आणखी. खिडकीच्या काचा थरथरल्या, कपाटातले पेले किणकिणले.

दारावरची बेल वाजली. ग्रंथपालांनी डोळे पुसत दार उघडलं, तर समोर खालचे मास्तर.

मास्तरांनी सावकाश, अगदी चवीनं, ओठांवर बोट ठेवलं.