माझे कान आणि दाजींचा आवाज

दाजी बशीतून चहाचा घोट ओढतात, तो आवाज साडेतीन सेकंद टिकतो. मी घड्याळ लावून मोजलेला आहे. त्यानंतर जो 'हाऽऽ' येतो तो दोन सेकंदांचा. तो वेगळा धरायचा. एका कपाला अकरा घोट. म्हणजे कपामागे एक मिनिट. इतर माणसांना हे मिनिट जाणवतही नाही. मला ते कवटीला गिरमिट लावल्यासारखं जाणवतं!

दाजी म्हणजे माझे सासरे. आरोंद्यात त्यांच्या आवाजाला मान आहे. ते अंगणात शिंकले की खाडीपलीकडे गोव्याच्या हद्दीतला पोर्तुगीज शिपाई बंदूक सावरतो, असं लोक अभिमानानं सांगतात. देवळात गाऱ्हाणं घालायचा मानही त्यांचाच. आणि अशा घरात सून म्हणून आले मी, जिला शेजारघरात पेल्यात फिरणारा चमचाही ऐकू येतो आणि सहन होत नाही. नवरा, हरिश्चंद्र, मुंबईला नोकरीत. त्यामुळे घरात दाजी, सासूबाई, मी आणि तो आवाज.

आमच्या काजूच्या बागेत एक मांगर आहे. नारळ आणि अवजारं ठेवायची एक खोली, पुढे ओसरी, समोर खाडी. दुसरा आवाज नाही. तिथे राहायला जायचं मी दोन वर्षांपूर्वीच ठरवलं होतं. फक्त ते दाजींना सांगायचं होतं. पण १९५६ साली, सगळी वाडी नाकं मुरडत असताना, "माझी सून बी. एस्सी. आसा, ती हायस्कुलात शिकवतली!" असं ज्यांनी सुनावलं, त्यांना कोणत्या तोंडानं सांगायचं, की तुमचा आवाज मला सोसत नाही?

तेव्हा मी दुसरा मार्ग काढला. शास्त्र शिकलेल्या बाईला स्वतःच्या कानांवर इलाज सापडणार नाही, हे मला मान्यच नव्हतं! तीन भाग मेणबत्तीचं मेण, एक भाग खोबरेल, त्यात पिंजलेला कापूस. कोमट असताना गोळ्या वळल्या आणि रविवारी सकाळी कानात बसवल्या.

काय सांगू! जग कापसाच्या गादीवर जाऊन निजलं. मी घरच्या ओसरीवर बसून छत्तीस वह्या तपासल्या. मधे आमचं मांजर माझ्या पायांवरून गेलं. तोंडात बांगडा होता. थोड्या वेळानं पुन्हा गेलं. दुसरा बांगडा. तिसऱ्या खेपेला मी त्याला वाटही करून दिली.

मागे वळले तर चुलीपाशी सासूबाई दोन्ही हात हलवत होत्या, दाजी काठी घेऊन उभे होते आणि शेजारच्या सुभद्राकाकी कुंपणावरून तोंड उघडून मिटत होत्या. मी घाईघाईनं गोळ्या काढल्या. म्हणजे, एक काढली. दुसरी निघेना!

"मांजर बांगडे नेता म्हणान अर्धो तास बोंबलतंय!" सासूबाई रडकुंडीला आल्या होत्या.

"गो, हिचे कान गेले!" सुभद्राकाकींनी निदान केलं.

"माका आयकाक येता," मी म्हटलं.

"बगलंस? तिचा तिकाच कळणा नाय!"

झालं! दुपारपर्यंत वाडीभर गजाल पसरली. माझ्याशी बोलणारा प्रत्येक माणूस आता माझ्या कानाला तोंड लावून ओरडू लागला. मासे विकणारी तुळसा फाटकातूनच "सुंगटां व्हयीऽऽत?" अशी हाक मारी, की माडावरचे कावळे उडत. दाजींनी तर, सून बिचारी अडचणीत आहे म्हणून, आपला आवाज दुप्पट केला! आधी मी समजत होते की तो पूर्णच लावलेला आहे.

हरिश्चंद्रांना कोणी कळवलं देव जाणे. त्यांचं पत्र आलं. अक्षरं बोटभर उंचीची! एका पानावर चार ओळी. नवरा पत्रातूनही ओरडत होता.

शेवटी अडकलेल्या गोळीसाठी बांद्याच्या डॉक्टरांकडे जायचं ठरलं. दाजी सोबत आले. एस. टी.त सबंध वाट त्यांनी मला बाहेरची गावं मोठ्यानं दाखवली. कंडक्टरनं तिकीट फाडता फाडता दोनदा कान चोळला.

डॉक्टरांनी दाजींना बाहेरच्या बाकावर बसवलं. चिमट्यानं गोळी काढली, नळीतून कानात पाहिलं आणि मग एक नादकाटा गुडघ्यावर आपटून खोलीच्या कोपऱ्यापर्यंत मागे मागे गेले.

"ऐकू येतंय?"

"येतंय."

ते दाराबाहेर गेले. "आता?"

"येतंय. शिवाय तुमच्या खिशातलं घड्याळही येतंय. थोडं अडखळतं."

ते परत आले. खिशातून घड्याळ काढून कानाला लावलं आणि ऐकत राहिले. "कमाल आहे! बाई, इतके उत्तम कान मी पाहिलेले नाहीत. तक्रार काय आहे?"

"हीच."

मग मी सगळं सांगितलं. चहाची बशी, खवणी, पेल्यातला चमचा. तीन वर्षांत पहिल्यांदा कोणाला तरी सांगत होते. ते हसले नाहीत. म्हणाले, "असे लोक असतात. त्यांना वेड्यात काढतात, पण त्यांना खरोखर दुखतं. ह्याच्यावर औषध नाही. शांत जागी राहायचं, कानांना विश्रांती द्यायची आणि मग थोडी थोडी सवय करायची. आहे अशी जागा?"

"मांगर आहे आमचा."

"मग जा तिथे."

"सासऱ्यांना सांगावं लागेल."

त्याच वेळी बाहेर दाजी बाकावर खाकरले. डॉक्टरांच्या हातातला काटा आपोआप वाजू लागला. त्यांनी काट्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"लवकर सांगा," ते म्हणाले.

मी बाहेर आले. सांगायचं असं ठरवूनच आले!

"काय म्हणालो डाक्टर?" दाजींनी विचारलं.

त्यांचे डोळे इतके भेदरलेले होते, की माझ्या तोंडून अर्धंच वाक्य निघालं. "ह्येका औषध नाय म्हणालो."

दाजींनी पागोटं काढून मांडीवर ठेवलं. पंचवीस माणसांसमोर डोळे पुसले. मग उठले आणि गरजले, "औषध नाय? नसू दे! देव आसा! सोमवारी गाऱ्हाणा!"

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. गाऱ्हाणं म्हणजे मानकऱ्यानं देवापुढे एकेक मागणं मोठ्यानं मांडायचं आणि जमलेल्या गावानं प्रत्येकाला 'व्हय म्हाराजा!' म्हणून साथ द्यायची. आवाजानं बेजार झालेल्या बाईसाठी याहून अघोरी उपचार वैद्यकशास्त्रात नसेल. आणि तो मी स्वतः, अर्ध्या वाक्यानं, ओढवून घेतला होता!

सोमवारी सकाळी देवळात साठ माणसं. दगडी भिंती, वर लाकडी तक्तपोशी. आवाज बाहेर पडायला एक दरवाजा, तोही माणसांनी भरलेला. मला मधोमध उभं केलं. दाजींनी नारळ हातात घेतला आणि छाती भरली.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

पायांखालची फरशी थरथरली.

"ही माझी सून नव्हे, माझा चेडू आसा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"गावाच्या पोरांका इद्या देता म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

माझे दात एकमेकांवर वाजत होते आणि डोळ्यांत पाणी आलं होतं. कानांमुळे की शब्दांमुळे, ते मला मोजता आलं नाही.

"तिचे कान आज आसत तेच्या धा पट उघडे कर रे म्हाराजा!"

दहा पट! साठजणांनी श्वास घेतला. तो श्वाससुद्धा मला ऐकू आला.

"नाय म्हाराजा!"

हे मी ओरडले होते.

त्या देवळात शेकडो वर्षांत कोणी 'नाय' म्हटलं नसावं. साठ तोंडं उघडी ती उघडीच राहिली. गुरवाच्या हातून घंटेची दोरी सुटली आणि घंटा वाजलीच नाही. इतकी निखळ शांतता मी जन्मात ऐकली नव्हती.

"काय झाला गो?" दाजींनी विचारलं. चक्क हळू!

"दाजी, मी बहिरी नाय. माका लय आयकाक येता. खवणी, चमचो, कोंबडो, सगळ्याचो त्रास जाता. आणि तुमचो आवाज सगळ्यांत मोठो आसा."

दाजींनी हातातल्या नारळाकडे पाहिलं. "माझो? मगे आदी कित्याक सांगलंस नाय?"

"तुमी माका नोकरी करूक दिलास. तुमचा मन मोडवेना. दोन वर्सां झाली, दाजी. माका मांगरात रवाक जावचा आसा."

सांगून टाकलं! छातीवरून जातं उचलल्यासारखं वाटलं. आता रागावले तरी चालेल, असं मनाशी म्हटलं.

पण ते रागावले नाहीत. जेमतेम ऐकू येईल असं म्हणाले, "रव गो. पण एकट्या बायलमाणसान मांगरात रवाचा म्हणजे..." त्यांनी आधारासाठी बायकांच्या रांगेकडे पाहिलं. "नर्मदा, तू तरी सांग तिका!"

माझ्या सासूबाई देवळात कधी बोलत नसत. घरीही फारशी संधी नसे. त्या पुढे आल्या, पदर सारखा केला, देवाला हात जोडले आणि म्हणाल्या,

"एकटी कित्याक? मीय चललंय तिच्या वांगडा. सदतीस वर्सां झाली माका ठरवन!"