डोना लुझचा आळशी ब्रेक

एकतीस वर्षं मी जीपनी, म्हणजे प्रवाशांची लांबुडकी जीप, चालवतोय. गाडीला काय झालंय ते माझ्या तळपायाला कळतं, असं मी चारचौघांत सांगत आलोय, आणि गेल्या मे महिन्यापर्यंत त्यावर कुणी हसलं नव्हतं.

आमच्या गाडीचं वय चौतीस. मागे समोरासमोर दोन लांब बाकं, दाटीवाटीने सोळा माणसं, आणि पुढच्या पत्र्यावर लाल अक्षरांत 'डोना लुझ'. लुझ म्हणजे माझी बायको. इतक्या खटारा गाडीला आपलं नाव दिलं, याबद्दल तिने मला अजून माफ केलेलं नाही.

तर मे महिन्यातल्या एका गुरुवारी ब्रेकचं पेडल आळशी झालं. दाबलं की खाली जायचं, पण पाय उचलला की जांभया देत वर यायचं. आणि शनिवारी आमच्या गावाहून, गिंबालहून, इलोइलो शहरात जायचं होतं. आमच्या चर्चच्या बायकांचं गाण्याचं मंडळ पहिल्यांदाच स्पर्धेत उतरत होतं. चौदा बायका, म्होरकी लुझ. चार महिने आमच्या घरात गाण्याशिवाय दुसरा आवाज नव्हता.

"चेदेंगकडे दाखव गाडी," लुझ म्हणाली.

चेदेंग म्हणजे बाजारापाशी गॅरेज चालवणारी बाई. तिचा हात सोन्यासारखा, पण ती आधी हसते आणि मग पाना उचलते.

"काही गरज नाही," मी म्हणालो. "स्प्रिंग थकलीय. माझा पाय सांगतोय."

आधी मी पेडलच्या सांध्याला ग्रीस चोपडलं. फरक नाही. मग स्वयंपाकघराच्या जाळीच्या दाराची स्प्रिंग काढून पेडलला लावली. काय सांगू! पाय उचलायचा अवकाश, पेडल असं उसळलं की माझी चप्पल उडाली. मी लुझला हाक मारून मुद्दाम दोनदा चप्पल उडवून दाखवली.

"आणि माझं दार आता आपोआप कसं लागणार?" तिने विचारलं. कलेची कदर नाही या बाईला.

शनिवारी सकाळी चौदा जणी पिवळे झगे घालून बसल्या. मांडीवर केळीच्या पानातल्या गोड भाताच्या पुड्या. दोन-तीन मैल झकास गेले. मग गाडी जड वाटायला लागली. तिसऱ्या गिअरवर ओढेना, दुसऱ्यावर आणली.

"बायांनो, आज न्याहारी जरा जास्तच झालेली दिसतेय," मी मागे वळून म्हणालो.

नोरिंग नावाची सगळ्यांत जाडजूड बाई थंड आवाजात म्हणाली, "देल्फिन, पुढे बघून चालव."

थोड्या वेळाने जळका वास आला. बायकांनी एकमेकींच्या पुड्या हुंगल्या. मी प्रत्येक वळणाला ब्रेक दाबत होतो, पेडल टुणकन वर येत होतं, मी मनात माझी पाठ थोपटत होतो आणि गाडी आणखी जड होत होती. वाटेतल्या तिगबावान गावात चर्चसमोरच्या अरुंद रस्त्यावर डोना लुझ धापा टाकत थांबली. पहिला गिअर टाकला तरी जागची हलेना. चारही चाकांतून धूर.

नेमकं त्याच वेळी चर्चमधून शवपेटी बाहेर आली. मागे काळ्या-पांढऱ्या कपड्यांतली शे-दीडशे माणसं. समोर वाट अडवून आम्ही, धुरात, पिवळेधमक.

एक म्हातारी पुढे आली. वारलेल्याची बायको होती ती. गाडीतल्या बायकांकडे बघत म्हणाली, "गाणारं मंडळ ना तुम्ही? माझ्या दिरानेच बोलावलं असणार. गाऱ्हाणी काय घालायची आता, उशिरा का होईना, आलात. गा."

लुझने तोंड उघडलं, पण त्या डोळ्यांपुढे तिला नाही म्हणवेना. ती खाली उतरली, मागोमाग तेरा जणी. पण त्यांचं गाणं एकच बसलेलं: दारू ढोसून होडीतच झोपणाऱ्या आणि बायकोला 'मासेच उठू देत नाहीत' म्हणून सांगणाऱ्या कोळ्याचं. मी स्टिअरिंगवर डोकं टेकलं.

त्यांनी गायलं. पहिल्या कडव्याला लोक चपापले. दुसऱ्या कडव्याला म्हातारीचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, आता आपली धडगत नाही. बघतो तर ती रडता रडता हसत होती. "हेच," ती म्हणाली, "चाळीस वर्षं मला हेच सांगायचे हे." मग सगळा रस्ताच हसला आणि रडला. तिने तेच गाणं पुन्हा म्हणायला लावलं.

त्या गर्दीतून काळ्या झग्यातली एक ओळखीची बाई माझ्याकडे आली. चेदेंग. वारलेला तिचा मामा होता. पद्धतीप्रमाणे ती आधी हसली. मग बूट काढले, माझ्या सीटखालचा पाना घेतला आणि झग्यासकट गाडीखाली शिरली. चाकामागचा, ब्रेकचं तेल सोडायचा छोटा निपल तिने जरा सैल केला. चिर्रकन तेल उडालं आणि चाक मोकळं झालं. चारही चाकांना तेच केलं. नंतर बॉनेट उघडून ब्रेक ऑइलच्या डब्यात बोट बुडवलं आणि हुंगलं.

"मानोंग," ती म्हणाली, आमच्याकडे थोरल्या भावाला म्हणतात तसं, "हे इंजिनचं ऑइल आहे. त्याने आतलं रबर फुगलं आणि तेलाची परतीची वाट बंद झाली. म्हणून पेडल हळू येत होतं. तू स्प्रिंग लावून पेडल तेवढं वर ओढलंस, तेल आतच. दर दाबाला ब्रेक आणखी आवळत गेले. हे ओतलं कुणी?"

"पंपावरच्या कुणीतरी..." मी सुरुवात केली.

"यानेच," लुझ म्हणाली. "गेल्या रविवारी. शीळ घालत ओतत होता."

नोरिंग तेवढ्यात जवळ आली. "म्हणजे आमच्या वजनाने नाही ना अडली गाडी?" मी तिच्याकडे बघायचं टाळलं.

सगळी रबरं बदलेपर्यंत गाडी हलवायची नाही, असा चेदेंगचा हुकूम झाला. प्रेतयात्रेतल्या एका जीपनीने बायकांना शहरात पोहोचवलं. तोवर बक्षिसं वाटून झाली होती आणि परीक्षक जेवत होते. चार महिन्यांची मेहनत गेली. परत आल्यावर लुझ माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. जाळीचं दार मात्र दिवसभर आपटत होती.

तिसऱ्या दिवशी ती म्हातारी आमचं घर शोधत आली. चाळिसाव्या दिवसाच्या प्रार्थनेला मंडळाने यावं, तेच गाणं म्हणावं, असं तिचं म्हणणं. लुझचा चेहरा उजळला. मीही छाती काढून पुढे झालो.

"गाडी तोवर मी स्वतः तयार करतो, मावशी. अगदी तुमच्या दारात आणून थांबवतो."

म्हातारीने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि लुझला हळूच विचारलं, "हा दुरुस्ती करणार असेल, तर आदल्या दिवशीच निघाल का?"