मल्लिनाथअप्पांचे टिंब

आमच्या जळकोटचे मल्लिनाथअप्पा सकाळची इष्टलिंगपूजा आटोपली, की कपाळावरचे भस्म ओले असतानाच मोबाइल हातात घेतात आणि ओळखीच्या यच्चयावत माणसांना एक टिंब पाठवतात. नमस्कार नाही, क्षेमकुशल नाही, केवळ टिंब. आपणही उत्तरादाखल टिंबच पाठवायचे. ते न गेल्यास अप्पा दुपारच्या आत आपल्या दारात उभे. "गुरुजी, लाईन मुकी का झाली?"

निर्गुण उपासनेवर मी आयुष्यभर प्रवचने केली. परंतु इतका निराकार निरोप माझ्याही पाहण्यात नव्हता.

अप्पांचे शास्त्र मात्र पक्के. गावात रेंज मुळातच बेताची. तिच्यातून जड काही लोटू नये आणि लाईन फार वेळ निजूही देऊ नये. माझ्या सुनेने फुलांनी मढवलेले देवीचे चित्र पाठवले, तेव्हा ते तिला म्हणाले, "लेकी, बोळातनं रथ काढतीस व्हय? आई तिथंच अडकून गोल गोल फिरायलीय बघ." मी एकदा स्वमुखे म्हटलेले स्तोत्र धाडले. अप्पा घरी आले आणि अत्यंत आदराने म्हणाले, की संस्कृत लई वजनदार असतंय, ते समोर बसूनच सांगावं. त्यांच्या लेकीच्या सासरच्यांनी तर, अप्पांची प्रकृती ठीक आहे ना, अशी माझ्याकडे गुपचूप चौकशी केली होती.

मध्यंतरी महामार्गाच्या खोदकामात केबल तुटली आणि गावची रेंजच नाहीशी झाली. इतरांनी त्रागा केला. अप्पांचे जेवण सुटले. अखेर एका सकाळी ते मला घेऊन नळदुर्गच्या एसटीत बसले. टिंबासाठी एवढा प्रवास, म्हणून मी थोडी थट्टा केली. ते हसले नाहीत.

"वीरेशसाठी चाललोय," ते म्हणाले.

वीरेश त्यांचा एकुलता मुलगा. घरच्या दुकानात बसायचे नाकारून त्याने ट्रक धरला, तेव्हा अप्पांनी त्याला पुन्हा तोंड दाखवू नकोस म्हणून बजावले होते, हे गावाला ठाऊक होते. पुढचे मला त्या दिवशी कळले.

"फोन केला की कापतो. पण टिंब धाडलं की टिंब येतंय. तेवढंच ऱ्हायलंय, गुरुजी."

मग बाकी सर्वांना कशासाठी, असे मी विचारले.

"एकट्यालाच धाडलं तर बाप नमला म्हणंल की. सगळ्यास्नी येतंय, हे बहिणीकडनं कळतंय त्याला." खिडकीबाहेर पाहत ते म्हणाले, "आता बापानं बी सोडलं, असं वाटलं असंल त्याला."

नळदुर्गच्या स्थानकात उतरताच अप्पांच्या हातातला मोबाइल थरथरला. त्यांनी पडद्यावर नजर टाकली आणि तो माझ्या हाती दिला.

"चष्मा न्हाय आणला. तुमी वाचा."

चष्मा त्यांच्या नाकावरच होता. निरोप वीरेशचा होता. मी सावकाश वाचला, "अप्पा, टिंब आलं न्हाय. लई फोन लावला, लागना. बरं हाय न्हवं?"

अप्पा बाकावर बसले आणि एका बोटाने अक्षरे शोधू लागले. पुष्कळ वेळ गेला. जळकोटची गाडी फलाटावर लागली. मी पिशवी उचलून त्यांना हाक मारली.

"जाऊ द्या ती," अप्पा मान वर न करता म्हणाले. "जेवला का, ते इचारायचं ऱ्हायलंय अजून."