थोर मशिदीच्या दारी हरवलेल्या उजव्या बुटाची हकीकत

श्री. माणसाची लाज राखणारा जो कोणी वर असेल, त्यास आधी दंडवत; कारण पुढील मजकुरात आमच्याने ती राखवली नाही. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरे, वैशाखमासी आमचे राज्यातील चाळीस असामी सहल कंपनीच्या झेंड्याखाली समुद्रापार वाळूच्या मुलुखी स्वारीस गेले, ते वर्तमान ऐसे जे:

सैन्यात मुख्य श्रीनिवासराव खरवंडीकर. सरकारी खात्यातून निवृत्त, वसाहतीचे अध्यक्ष, आवाज खणखणीत आणि ऐकून घेण्याची सवय कमी. सोबत कुटुंब शालिनीबाई, खांद्यास भली मोठी पिशवी आणि तीत चिवडा, लाडू, गोळ्या, छत्री ऐसा सर्व सरंजाम. वाटाड्या मंदार नामे तरुण, त्याने बसमध्येच आज्ञा केली की, आज थोर मशीद पाहणे आहे, तरी डोके-खांदे झाकावे, आत गलका करू नये आणि जोडे दाराशी मांडणीवर ठेवावे. मग स्वारी दाखल जाहली आणि तो शुभ्र संगमरवर, ते घुमट पाहून आमचे सैन्य चक्क गप्प जाहले, जे पूर्वी कधी घडले नव्हते. रावांनी नवे बूट मांडणीवर ठेविले आणि पुढे झाले. बाईसाहेब मागे राहिल्या. त्यांस देवळांची जन्माची सवय, की जोडा जोडीने ठेवू नये, चोरास एका बुटाचा काय उपयोग. म्हणोन त्यांनी उजवा बूट कागदात गुंडाळून पिशवीत घातला आणि आतला गालिचा व झुंबरे पाहता पाहता रावांस सांगावयाचे राहूनच गेले.

मग बायका अंगावरचे, मशिदीने दिलेले उसने झगे परत करावयास रांगेत उभ्या राहिल्या आणि राव पुरुषमंडळींसह मांडणीपाशी आले, तो डावा बूट आहे, उजवा नाही. राव गरजले, "गेला! माझा बूट गेला!" मांडणीपाशी निळ्या पोशाखाचा, दाढीवाला राखणदार उभा होता. त्याजकडे बोट करून राव सैन्यास बोलिले, "हाच तो! मघापासून इथेच घुटमळतोय. ह्या लोकांचं आपल्याकडे तेच आणि इथेही तेच!" सैन्यातून "हो ना", "सोडू नका हं, तक्रार कराच" ऐसे शब्द उठले. लिहिताना हात जड होतो, पण उठले हे खरे. राखणदारांवरचा दरोगा धावत आला, रावांनी त्यास इंग्रजीत फिर्याद दिली आणि दरोग्याने राखणदाराची झोळी सर्वांदेखत उलटी केली. आत जेवणाचा डबा आणि बामची बाटली. बूट निघाला नाही, तरी दरोग्याने त्याच्या गळ्यातला बिल्ला काढून घेतला आणि म्हणाला की, तुझी चाकरी संपली.

इतक्यात बाईसाहेब आल्या, प्रकार पाहिला आणि रावांच्या कानी लागल्या, "अहो, बूट माझ्या पिशवीत आहे. मीच ठेवला." रावांचा चेहरा उतरला. मग दात आवळून बोलिले, "आता तोंड उघडू नकोस. चाळीस माणसांत माझी शोभा करणार आहेस का?" आणि बाईसाहेबांनी पिशवी पोटाशी धरली. ऐसा पराक्रम जाहला.

मग राव डावा बूट हाती घेऊन बसकडे निघाले, तो फरशी तव्यासारखी तापलेली आणि राव एकेका पायावर नाचो लागले. तेव्हा त्या राखणदाराने आपल्या पायातल्या चपला काढिल्या, रावांपुढे ठेविल्या आणि स्वच्छ मराठीत म्हणाला, "काका, पाय भाजतील. ह्या घालून जा."

"तुम्ही... मराठी?"

"दापोलीकडचा. याकूब परकार."

म्हणजे मघाचा शब्द न् शब्द त्याला कळला होता. सैन्याने एकदम आपापले मोबाईल काढिले आणि त्यात डोकी घातली. आणि रावांनी, शरम वाटते सांगावयास, त्या चपला घातल्या.

बस चालू लागली. चिवड्याचे नाव कोणी घेईना. मग बाईसाहेब उठोन उभ्या राहिल्या आणि मोठ्याने बोलिल्या, "मंदार, गाडी फिरव. बूट माझ्या पिशवीत आहे. ह्यांना ते तिथेच कळलं होतं." मागून कोणी कुरकुरले, "अहो, पण वाळवंटातली सफारी चुकेल ना!" बाई म्हणाल्या, "चुकू दे." रावांनी मान वर केली नाही, परंतु नाहीही म्हटले नाही.

मग परत जाऊन राव त्या चपला पायातून काढून, जोडल्या हातांत धरून दरोग्यापुढे उभे राहिले आणि बोलिले, "चूक माझी. बूट आमच्याकडेच होता. त्याला कामावर घ्या, मी हवं ते लिहून देतो." दरोगा म्हणाला, "त्याला नोकर पुरवणाऱ्या एजन्सीची गाडी घेऊन गेली. आता त्याला मायदेशी धाडतील. माझ्या हातात काही नाही." राव पुन्हा पुन्हा विनवू लागले आणि त्यांचा तो खणखणीत आवाज फुटला. मांडणीपाशी नवा राखणदार उभा होता. त्यास भाषा कळेना. रावांच्या हाती चपला पाहून त्यास वाटले, पाहुणे आत जाणार. त्याने हसून त्या चपला रावांच्या हातून घेतल्या, मांडणीवर जोडीने नीट लाविल्या आणि अदबीने मशिदीची वाट दाखविली.

येणेप्रमाणे मोहीम जाहली. एजन्सीस पत्रे गेली, उत्तर आले नाही. मशीद कैसी होती म्हणोन वसाहतीत कोणी पुसले, तर राव "फार सुंदर" इतकेच बोलतात आणि उठोन आत जातात.