तपासणीला निघालेलं बदक

'ठप्प' असा आवाज आला, तेव्हा तपासणी साहेबांनी ब्रेक दाबला होता, पण जरा उशिराच. धूळ खाली बसली आणि रस्त्याच्या मधोमध एक भलंमोठं पांढरं बदक आडवं पडलेलं दिसलं. मान लांब टाकलेली, पाय वर, चोच उघडी.

"मेलो!" साहेब म्हणाले.

खरं तर मेलेलं दिसत होतं ते बदक. पण साहेबांना कुठल्याही प्रसंगात आधी स्वतःची नोकरी दिसायची. चोवीस वर्षांत त्यांच्याविरुद्ध एक शेरा नव्हता. दुसऱ्यांविरुद्ध मात्र त्यांनी इतके लिहिले होते की शिक्षक त्यांना पाठीमागे 'लाल पेन' म्हणत. उशीर तीन मिनिटांचा असो की तीस, साहेब कारण ऐकून घ्यायचे, मान डोलवायचे आणि लिहायचं ते लिहायचेच.

त्या दिवशी ते एका आडगावच्या शाळेकडे निघाले होते. शाळा एका खोलीची, बाई एकच, पटावर मुलं चौदा. नियम असा की तपासणीच्या दिवशी अकराच्या ठोक्याला वर्गात निदान बारा मुलं हवीत. नसली तर शाळा बंद, आणि मुलांनी रोज नऊ किलोमीटरवरच्या मोठ्या शाळेत जायचं.

साहेब खाली उतरले. बदकाला बुटाच्या टोकाने हळूच ढोसलं. हालचाल नाही. गाडीच्या दोन्ही दारांवर खात्याचं नाव वितभर अक्षरांत रंगवलेलं, आणि तेवढ्यात वळणापलीकडून मोटारसायकलची फटफट ऐकू आली. मग पुढच्या दहा सेकंदांत साहेबांनी जे केलं ते त्यांचं त्यांनाच पटलं नाही. त्यांनी बदक उचललं, डिकी उघडली, ते फायलींवर ठेवलं आणि धाडकन झाकण लावलं.

मोटारसायकलवर दूधवाला होता. तो थांबला. अशी माणसं नको तेव्हा हमखास थांबतात.

"गाडी बंद पडली का साहेब?"

"नाही, नाही. जरा निसर्ग बघत होतो."

"डिकीत?"

साहेब नुसतेच हसले. दूधवाल्याने त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "तोंड धुऊन घ्या साहेब, पार पांढरेफटक पडलात," असं म्हणून तो गेला.

साहेबांना लाज वाटली, नाही असं नाही. बदकाचा मालक शोधावा, त्याला सांगावं, असं मनात आलंही. पण घड्याळात सव्वादहा झाले होते. 'परत येताना बघू,' असं त्यांनी ठरवलं आणि गाडी सुरू केली. एरवी लोकांकडून चोवीस तासांत लेखी खुलासा मागणारा हा माणूस!

शाळेत पोचले तर अंगण झाडून लख्ख केलेलं, फळ्यावर रंगीत खडूंनी 'सुस्वागतम्', आणि वर्ग रिकामा. म्हणजे अगदीच रिकामा नव्हता. मागच्या बाकावर एक सात-आठ वर्षांची मुलगी घोंगडं पांघरून शिंकत बसली होती. बाई दारातच उभ्या होत्या. पन्नाशीच्या, चष्मा घामाने घसरलेला.

"साहेब, घात झाला हो. मुलं सकाळी साडेआठलाच आली होती. तेराच्या तेरा. ही तापाची असून चौदावी आली. पण मॉनिटर कुठे दिसेना, म्हणून सगळी त्याला शोधायला शेतात पळाली. माझं ऐकतात कुठे! हिला तेवढी मी धरून ठेवली."

"मॉनिटर म्हणजे?"

"बदक आहे हो आमचं."

साहेबांनी शेजारची खुर्ची धरली.

"पांढरं?" त्यांनी विचारलं. विचारायची काही गरज नव्हती.

"पांढरंशुभ्र! मुलांनी बल्बखाली अंडं उबवून काढलंय. रांगेत सगळ्यांच्या पुढे चालतं, म्हणून मॉनिटर. हे बघा." बाईंनी भिंतीकडे हात केला. तिथे एक लांबलचक तक्ता होता. दोनशे अकरा दिवसांचं वजन, रोज वेगळ्या मुलाच्या अक्षरात. "गणित त्याच्यावर, चित्रकला त्याच्यावर, निबंध तर विचारूच नका. हाच प्रयोग तुम्हाला दाखवायचा होता. आणि नेमकं आजच कुठे कडमडलंय कोण जाणे."

दोनशे बारावा चौकोन कोरा होता. साहेबांनी तिकडे बघायचं टाळलं. मग त्यांना खिडकी दिसली, आणि खिडकीतून हाका ऐकू आल्या. "मॉनिटऽऽर! ए मॉनिटऽऽर!" त्यातली एक हाक तर चक्क रडकी होती.

"अकराला पाच कमी आहेत," बाई म्हणाल्या. "साहेब, दहा मिनिटं थांबाल? तुमच्याकडे हे चालत नाही, ठाऊक आहे मला. पण यातली निम्मी मुलं नऊ किलोमीटर जाणार नाहीत हो. घरीच बसतील."

"नियम म्हणजे..." साहेबांनी सवयीने सुरुवात केली आणि त्यांची नजर गाडीकडे गेली. "मी जरा एक फोन करून येतो."

ते तरातरा गाडीपाशी गेले. का गेले, ते त्यांनाही माहीत नव्हतं. इतक्यात डिकीतून स्पष्ट, ठणठणीत आवाज आला.

"क्वॅक!"

जिवंत! साहेबांना आनंद झाला, आणि मागे वळून बघतात तर बाई पाण्याचा पेला घेऊन उभ्या. आनंद गेला.

"कसला आवाज हो साहेब?"

"फोन. माझ्या फोनची रिंग."

"क्वॅक! क्वॅक!"

"मग उचला ना."

उचलणं भाग होतं. साहेबांनी बंद फोन कानाला लावला. "हॅलो. हो... हो... तपासणीवर आहे."

"क्वॅक!"

"अहो, बोलताना पण वाजतोय?" बाई म्हणाल्या.

त्यांच्यामागून घोंगडं पांघरलेली मुलगी फरफटत आली. गाडीपाशी थांबली, एकदा शिंकली आणि म्हणाली, "बाई, भूक लागली की मॉनिटर असंच ओरडतो."

बाईंनी डिकीकडे पाहिलं. मग साहेबांकडे. मग पुन्हा डिकीकडे. साहेबांनी मुकाट्याने झाकण उघडलं.

मॉनिटर फायलींवर ऐटीत उभा होता. सहा शाळांच्या तपासणीवर त्याने आपला शेरा ओलाच सोडला होता. तो टुणकन खाली उतरला, पंख झटकले आणि वर्गाकडे चालू लागला. त्याचा आवाज ऐकून शेतातून आरडाओरडा झाला आणि चिखलाने माखलेली तेरा मुलं धावत आली, पण तोवर अकरा वाजून गेले होते.

"माझ्या गाडीखाली आलं," साहेब खाली बघत म्हणाले. "मला वाटलं, मेलं. म्हणून..."

"लागलंय कुठे त्याला?" मुलीने विचारलं. "ते तसंच करतं. गाडी आली की आडवं पडतं. दूधवाले काका रोज उचलून बाजूला ठेवतात."

"पण आवाज आला ना! ठप्प झालं!"

साहेबांनी गाडीत डोकावून पाहिलं. मागच्या सीटवरची त्यांची जाडजूड बॅग खाली उपडी पडलेली होती.

"घाबरलं की बदकं मेल्याचं सोंग घेतात साहेब," बाई हळूच म्हणाल्या. "विज्ञानात असतं."

साहेबांनी अधिकारी होण्याआधी आठ वर्षं विज्ञानच शिकवलं होतं. हा प्रश्न ते स्वतः परीक्षेत घालत, दोन मार्कांना. त्यांना वाटलं, धरणी दुभंगेल तर बरं. ती काही दुभंगली नाही.

वर्गात बसल्यावर त्यांनी तपासणीचा कागद काढला. अकरा वाजून बारा मिनिटं झाली होती. समोर चौदा मुलं हाताची घडी घालून बसलेली.

"आता चौदा आहेत साहेब," बाई म्हणाल्या. "चौदा लिहून टाका ना. झालं गेलं कोणाला कळतंय?"

किती सोपं होतं! शाळा वाचली असती आणि त्यांची अब्रूही. पण चोवीस वर्षांत किती जणांनी त्यांना हेच म्हटलं होतं, आणि त्यांनी त्या सगळ्यांचं काय केलं होतं! अकराला हजर होती एक मुलगी. तेवढंच लिहिलं, तर शाळा गेली. उरला एकच रस्ता. अधिकाऱ्याच्या चुकीने मुलं हजर राहू शकली नाहीत, तर तपासणी रद्द होते आणि दुसरा अधिकारी नव्याने येतो, असं त्याच नियमात खाली बारीक अक्षरांत होतं. हे कलम आजवर कोणी वापरलं नव्हतं, कारण चूक आपली असं लिहून देणारा अधिकारी सापडला नव्हता.

त्यांनी लिहायला घेतलं आणि लिहिता लिहिता मोठ्याने वाचलं, कारण बाईंकडे बघायचा त्यांना धीर नव्हता. "गैरहजेरीचे कारण : तपासणी अधिकाऱ्याने शाळेचे बदक स्वतःच्या गाडीच्या डिकीत कोंडून ठेवले होते."

मुलं खुदखुदली. बाईंनी डोळे वटारले, पण चष्म्याआड ते भरून आले होते. "साहेब, वरिष्ठ काय म्हणतील तुम्हाला?"

"काय म्हणायचं ते म्हणोत."

मागच्या बाकावरून हात वर झाला. "बाई, त्यांना पण आमच्यासारखं कोपऱ्यात उभं करायचं?"

"अगं गप! त्यांनी स्वतःहून सांगितलं ना? स्वतःहून खरं बोललं की शिक्षा नसते."

"स्वतःहून कुठे?" मुलगी शिंक आवरत म्हणाली. "मॉनिटर ओरडला म्हणून सांगितलं."

साहेबांचे कान लालबुंद झाले. त्यांनी कागद पुन्हा पुढे ओढला आणि खाली आणखी एक ओळ लिहिली : 'व सापडेपर्यंत कबूल केले नाही.' मग सही केली, पेनाला टोपण लावलं आणि बाईंना विचारलं, "कोपरा कुठला?"