मंगळवारची बादली

तियानाच्या स्वयंपाकघरात फ्रिजच्या दारावर एक तक्ता चिकटवलेला होता आणि घरात संतांच्या तसबिरीखालोखाल त्यालाच मान होता. तक्त्यात अकरा कागदांची नावं होती. कुठला कागद कधी मिळाला आणि कधी शिळा होणार, हे तीन रंगांच्या पेनांनी लिहिलेलं. तियाना वाल्येवो गावातल्या एका औषधाच्या दुकानात काम करायची. डबीवरची तारीख वाचल्याशिवाय ती खोकल्याची गोळीसुद्धा कुणाच्या हातावर ठेवत नसे, मग व्हिसाच्या कागदांची काय कथा!

तिच्या नवऱ्याला, वुकाशिनला, जर्मनीत इलेक्ट्रिशियनची नोकरी मिळाली होती. एक ऑक्टोबरला हजर व्हायचं होतं. "मी पुढे जातो, तुम्ही दोघी मागून या," असं तो एकदा म्हणाला होता. एकदाच. समोरच्या घरातला माणूसही असंच म्हणून पुढे गेला होता. त्याला आता तिसरं वर्ष लागलं होतं, त्याच्या बायकोचा अर्ज अजून रांगेतच होता आणि त्यांचं पोर फोनलाच बाबा म्हणत होतं.

"मी काही फोनशी लग्न केलेलं नाही," तियाना म्हणाली. "तुझा, माझा, लेंकाचा, तिघांचा अर्ज एकाच दिवशी, एकाच खिडकीवर. जायचं तर एकत्र, नाहीतर आपलं वाल्येवो काय वाईट आहे?"

आठ महिने थांबल्यावर बेलग्रेडच्या जर्मन वकिलातीत वेळ मिळाली: बारा सप्टेंबर, सकाळी साडेदहा. ती हुकली असती तर पुढची थेट वसंतात, म्हणजे वुकाशिन पुढे आणि ह्या दोघी मागे, समोरच्या घरासारख्या. लग्नाच्या दाखल्याला एक अट होती. तो सहा महिन्यांपेक्षा जुना नको. लग्न कितीही जुनं असलं तरी चालतं, दाखला ताजा लागतो. तियानाने तो चौदा मार्चला आणला होता, म्हणजे चौदा सप्टेंबरपर्यंत चालणार होता. दोन दिवस हातात राहत होते.

"नवाच काढून आण ना एक," वुकाशिन म्हणाला.

"कशाला? दोन दिवस आहेत ना!"

ह्या दोन दिवसांचा तिला इतका अभिमान होता, की येणाऱ्या-जाणाऱ्याला ती फ्रिजपर्यंत नेऊन ते दाखवत असे. सासूबाईंनी, देसांकाबाईंनी, तक्ता नीट पाहिला आणि एकच प्रश्न विचारला.

"बारा तारखेला वार कोणता?"

"मंगळवार."

देसांकाबाईंनी छातीवर क्रूसाची खूण केली. "मंगळवारी काही सुरू करू नये, पोरी. बरं नसतं ते."

'बरं नसतं ते' एवढ्यावर देसांकाबाईंनी सगळा संसार रेटला होता. ओल्या केसांनी बाहेर पडणं बरं नसतं, पर्स जमिनीवर ठेवणं बरं नसतं, निघाल्यावर विसरलेली वस्तू घ्यायला परत फिरणं बरं नसतं आणि दोन उघड्या खिडक्यांच्या मधल्या वाऱ्यात बसणं म्हणजे तर सरळ मरणच. का बरं नसतं, हे विचारणं सर्वांत वाईट.

ह्यावर तोड वुकाशिनने काढली. सोमवारी संध्याकाळी त्याने फाइल काखोटीला मारली, रस्ता ओलांडून तो कुमाच्या घरी गेला, एक पेला राकिया, आमची फळांची दारू, घेतली आणि परत आला. म्हणजे काम सोमवारी सुरू झालं. कुम म्हणजे झिवादिन. त्याने लग्नात साक्षीदार म्हणून सही केली होती. त्या सहीमुळे तो जन्मभराचा नातेवाईक झाला होता, आणि गाडी असल्यामुळे जन्मभराचा ड्रायव्हर. तियाना त्याची 'कुमा'.

मंगळवारी सव्वासहाला झिवादिनची जुनी हिरवी गाडी दाराशी उभी राहिली. तियानाने डिकीच्या झाकणावर फाइल उघडली आणि शेवटचं म्हणून अकरा कागद मोजले. तेवढ्यात सहा वर्षांची लेंका आतून ओरडली, "आई, पट्टा लागत नाही!" तियाना वळली. फाइल उघडीच राहिली.

माणूस मोठ्या कामाला निघाला, की आमच्याकडे त्याच्या पाठीमागे पाणी ओततात. काम पाण्यासारखं सरळ वाहत जावं म्हणून. देसांकाबाईंची ह्याची मापं ठरलेली होती. वुकाशिनच्या शाळेच्या परीक्षेला पेला. तो लष्करात गेला तेव्हा भांडंभर. आता अख्खं घर जर्मनीला निघालेलं, त्यात मंगळवार. त्यांनी बादली भरली. डोळेही भरलेले होते, त्यामुळे चष्म्यातून गाडी नुसती हिरवी दिसत होती. "देवा, सांभाळ रे माझ्या पोरांना!" असं म्हणून त्यांनी सगळी ताकद लावून बादली झोकली.

रस्त्यावर थोडंच पाणी पडलं. बाकीचं सगळं फाइलीने घेतलं.

सर्वांत वर लग्नाचा दाखला होता. खालचा एक कोपरा सोडला तर त्यावर सगळीकडे निळी शाई पसरली होती. कुणाचं तरी लग्न झालंय एवढं कळत होतं, कुणाचं ते कळायला मार्ग नव्हता. आणि कोपरा बघायला कुणाला वेळ होता?

"आण इकडे, इस्त्री फिरवते," देसांकाबाई म्हणाल्या.

"हात लावू नका, आई!" तियानाचा आवाज चढला. "मला सगळं कळतं. आम्ही जायलाच नकोय तुम्हाला! म्हणून केलंत हे!"

झिवादिन उगीचच टायर तपासायला लागला. देसांकाबाईंनी रिकामी बादली खाली ठेवली.

"मी?" त्या म्हणाल्या, आणि आत गेल्या.

इस्त्री शेवटी वुकाशिननेच फिरवली, वर टॉवेल घालून. सरकारी शिक्का टॉवेलवर स्वच्छ उमटला. कागद बेकायदा आणि टॉवेल कायदेशीर, असा प्रकार झाला.

"घाबरू नकोस, कुमा," झिवादिन म्हणाला. "साडेसातला नगरपालिका उघडते. नोंदणी खात्यात आपली ओळख आहे. विदोसावा. मी एक शब्द टाकला, की नवा दाखला हातात!"

ओळख होती हे खरं. कसली, ते सांगायचं मात्र तो विसरला होता. विदोसावाबाईंनी कॉफीच्या कपावरून नजर वर केली आणि त्यांचा चेहरा हळूहळू घट्ट झाला.

"झिवादिन," त्या म्हणाल्या. "आपल्या साखरपुड्याच्या दिवशी सिगारेट आणायला गेला होतास. मिळाली का रे?"

झिवादिनने टोपी काढली, मग परत घातली.

"अर्ज ठेवून जा," विदोसावाबाई वुकाशिनला म्हणाल्या. "तीन दिवसांनी या."

"तीन दिवसांनी?" वुकाशिन टेबलावर वाकला. "बाई, साडेदहाला..."

"कुमाला बाहेर काढ," तियाना नवऱ्याच्या कानात म्हणाली. "आणि तूही जा."

दोघं गेल्यावर तिने संकोच बाजूला ठेवून सगळं सांगितलं. आठ महिन्यांची रांग, समोरच्या घरातलं पोर, मंगळवार, सासू, पाणी. सांगताना शेवटी तिला रडू कोसळलं. विदोसावाबाई ऐकत होत्या, पण एका शब्दावर त्या थांबल्या.

"थांब. बादली? पूर्ण बादली?"

"काठोकाठ."

विदोसावाबाईंनी कप खाली ठेवला. "सत्तावीस वर्षांपूर्वी मी ऑस्ट्रियाला निघाले होते. त्या दिवशी नळाला पाणी नव्हतं. आईने अर्धा पेला ओतला, तोही कालच्या कॉफीच्या किटलीतला. बघ, अजून इथेच बसलेय." त्यांनी नाव, गाव, तारीख विचारली, यंत्र खडखडलं, शिक्का आपटला. मग त्यांनी स्वतः शिक्क्यावर फुंकर घातली. "घे. आणि त्या गाढवाला सांग, गाडी तरी सरळ ने."

आठ वाजून पंचवीस मिनिटांनी गाडी वाल्येवोबाहेर पडली. दाखला नवा मिळाला तरी बाकीचे दहा कागद ओले होते.

"खिडक्या उघड, वाऱ्याने वाळतील," तियाना म्हणाली.

"चारही?" झिवादिन दचकला. "कुमा, माझी मान! मागच्या मेमध्ये एका खिडकीच्या वाऱ्याने आठवडाभर डावीकडे बघत होतो. चालवायची कशी मग?"

वुकाशिननेही मान डोलावली. शेवटी तो देसांकाबाईंचाच मुलगा. मग खिडक्या बंद करून हीटर पूर्ण सोडायचा असं ठरलं. सप्टेंबरचं ऊन, बंद गाडी, प्रत्येकाच्या मांडीवर दोन-दोन कागद आणि उरलेले पुढच्या काचेपाशी. घामाच्या धारा लागल्या. नोकरीच्या पत्रावर पडू नयेत म्हणून वुकाशिन मान मागे टाकून बसला होता.

"बाबा, आपण पण वाळतोय का?" लेंकाने विचारलं.

दहा वाजून सव्वीस मिनिटांनी ते वकिलातीच्या दारात उतरले, तेव्हा पहारेकऱ्याने तिघांचे फोटो आणि तिघांची तोंडं तीनदा ताडून पाहिली. फोटोत माणसं कोरडी होती. पण कागद कुरकुरीत झाले होते.

त्यांच्यापुढे खिडकीवर एक तरुण जोडपं होतं. काचेमागची बाई शांतपणे म्हणाली, "तुमचा लग्नाचा दाखला सहा महिने तीन दिवसांचा आहे. अर्ज घेता येणार नाही. पुन्हा वेळ घ्या." त्यातल्या मुलीने नुसता कागद उलटा करून पाहिला, जणू मागे वेगळी तारीख असेल. तियानाला भडभडून आलं. तिला क्षणभर पुढे जावंसं वाटेना. पण नाव पुकारलं गेलं.

काचेमागच्या बाईने एकेक कागद पालथा-उताणा केला. लग्नाच्या दाखल्यावर तिचं बोट थांबलं.

"हा आजचा आहे?"

"हो, आजचाच."

"इतका ताजा मी इथे कधी पाहिला नाही," बाई म्हणाली, आणि पहिल्यांदाच हसली. "अजून गरम आहे."

ठप, ठप, ठप. तिन्ही अर्ज एकाच खिडकीवर, एकाच दिवशी, दाखल झाले. वुकाशिनने भर वकिलातीत लेंकाला खांद्यावर घेतलं. पहारेकऱ्याने हटकलं, तरी उतरवलं नाही.

बाहेर बाकावर बसून तियाना रिकामी फाइल आवरायला लागली. तळाशी तो निळा झालेला जुना दाखला चिकटला होता. फेकायला म्हणून तिने तो सोडवला आणि कोरडा कोपरा तिच्या डोळ्यांपुढे आला. दाखला दिल्याची तारीख: सात मार्च.

तिला आठवलं. नोंदणी खात्याने तो सात तारखेलाच काढून ठेवला होता. आपण तापाने पडलो होतो आणि आठवड्याने जाऊन घेऊन आलो. तक्त्यावर लिहिली ती आणल्याची तारीख. डबीवरची तारीख जन्मभर वाचली आणि स्वतःच्या लग्नाची वाचली नाही! दाखला पाच दिवस शिळा होता. बादली नसती, तर मघाच्या मुलीच्या जागी ती असती.

वुकाशिनने बोटांवर महिने मोजले. दोनदा मोजले. "म्हणजे आईने..."

"हो."

"तिला सांगायचं?"

तियानाने तो निळा कागद घडी करून परत फाइलीत ठेवला. "सांगितलं तर आपल्याला आयुष्यभर मंगळवारी काही करता येणार नाही," ती म्हणाली. तिचे डोळे मात्र वाहत होते.

दोन आठवड्यांनी व्हिसे आले, तिन्ही. गल्लीत राकिया वाटली गेली, समोरच्या बाईने लेंकाला उचलून नाचवलं. देसांकाबाई सगळ्यांबरोबर हसल्या, पण त्या पंधरा दिवसांत त्यांच्या तोंडून एकदाही 'बरं नसतं' आलं नाही. तियाना ओल्या केसांनी अंगणात गेली, पर्स जमिनीवर ठेवली, मुद्दाम टेबलाच्या कोपऱ्यावर बसली. म्हातारी बघून न बघितल्यासारखं करायची. त्यांचं हे गप्प राहणं तियानाला कुठल्याही बोलण्यापेक्षा जड गेलं.

निघायच्या सकाळी गाडीत सामान भरलं, कागद दोन प्लॅस्टिकच्या पिशव्यांत बांधून आत ठेवले. देसांकाबाई दारात आल्या. त्यांनी पदराआड धरावं तसं एप्रनआड काहीतरी धरलं होतं. तो राकियाचा इवलासा पेला होता, पाण्याने भरलेला.

"एवढंसंच, पोरी," त्या म्हणाल्या. "आणि लांबून ओतते. गाडी वळल्यावर."

तियानाने तो पेला त्यांच्या हातातून काढून घेतला आणि ती आत गेली. नळ बराच वेळ वाहत असल्याचा आवाज आला. ती बाहेर आली तेव्हा तिच्या एका हातात काठोकाठ भरलेली बादली होती आणि दुसऱ्या हातात तो निळा कागद.

"कोपरा वाचा, आई. सात मार्च. चूक माझी होती. तुम्ही ओतलं नसतंत तर आम्ही आज इथेच असतो. मी तुम्हाला नको ते बोलले, मला माफ करा."

देसांकाबाईंनी चष्मा पुसला, कागद लांब धरला, जवळ धरला. कळायला त्यांना वेळ लागला. पण कळल्यावर मात्र त्यांचा कणा एकेक मणका करत ताठ झाला. पंधरा दिवसांची दबलेली म्हातारी गल्लीच्या मधोमध राणीसारखी उभी राहिली.

"वुले!" त्यांनी मुलाला हाक मारली. "सगळ्या खिडक्या लावून घे. पोरीला वारा लागेल. आणि ही पर्स कुणाची रे जमिनीवर? उचला! बरं नसतं ते!"

"आई, ओता आता," तियाना म्हणाली. "सगळी."

देसांकाबाईंनी बाह्या सारल्या. मग काहीतरी आठवून त्या थबकल्या.

"आज वार कोणता?"

"शुक्रवार."

"मग अर्धी पुरे," देसांकाबाई म्हणाल्या.

आणि त्यांनी पूर्ण बादली ओतली. वळणापर्यंत झिवादिनला मागचा वायपर चालू ठेवावा लागला, म्हणून तर तिघांनाही त्या शेवटपर्यंत स्पष्ट दिसत राहिल्या.