ठळक क्रमांकाची हकीकत

श्रीशारदेस साक्ष ठेवून, डोळ्यांनी पाहिले आणि कानांनी ऐकले तेवढेच लिहिले आहे. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरी, कार्तिक वद्य तृतीयेस राज्यात सर्वत्र कुशल होते. सरकारांनी हुकूम फर्माविला की, राज्यातील एकूण इस्पितळांची संकेतस्थळे तपासून गुण द्यावे, आणि त्या कामी ज्या परीक्षकबाई नेमिल्या त्या घरी मेजावर तक्ता मांडून बसल्या, आणि समोर त्यांचे तीर्थरूप आबा मेथी निवडीत बसले. आबांनी टेलिफोन खात्यात चौतीस वर्षे चाकरी केली होती, घंटा कानी पडल्यावाचून ते कोणताही क्रमांक खरा मानीत नसत. तक्त्यातील कलमे ऐशी: रंग प्रसन्न काय, डॉक्टरांच्या तसबिरी हसऱ्या काय, तातडीचा क्रमांक ठळक दिसतो काय. मग बाईंनी गावातील थोर इस्पितळास दहापैकी दहा बहाल केले, आणि आबा पुसते झाले, "नंबर लावून बघितलास का गं?"

"दिसतो का एवढंच विचारलंय, आबा."

"दिसायला आपलं भिंतीवरचं घड्याळही दिसतं. दिवाळीपासून बंद आहे."

"हो, लावला. झालं समाधान?"

"मग ठीक," ऐसे बोलोन आबांनी तो क्रमांक कॅलेंडरच्या कोपऱ्यात टिपून घेतला आणि मेथीच्या काड्या भरावयास उठले.

दुसरे दिवशी बाई दरबारी गुणपत्रक वाचावयास गेल्या, तेथे मोबाइल बंद ठेवण्याचा दंडक होता, आणि इकडे आबांच्या छातीत कळ आली, आणि त्यांनी कॅलेंडर पाहून क्रमांक लाविला, आणि पुन्हा लाविला. मग शेजारच्या शैलाकाकू धावल्या आणि त्यांस रिक्षात घालून निघाल्या, परंतु फार उशीर जाहला होता, आबा वाटेतच कैलासवासी जाहले. काकू मागाहून बाईंस म्हणाल्या, "अकरा वेळा लावला गं त्यांनी. मी म्हटलं, सोडा तो नंबर. तर म्हणे, पोरीनं लावून पाहिलाय, माझंच बोट चुकत असणार." पुढे महिनाभराने थोर इस्पितळास उत्तम संकेतस्थळाचे मानपत्र मिळाले, आणि शाली पांघरविल्या, आणि मानपत्राखाली सही परीक्षकबाईंची होती.

सारांश, राज्यात रंग प्रसन्न आहेत, तसबिरी हसऱ्या आहेत, क्रमांक ठळक आहेत. परीक्षकबाई म्हणजे हे लिहिणारीच. आज तिने तो क्रमांक प्रथमच लाविला, आणि पलीकडील आवाज नम्रपणे बोलला की, हा क्रमांक अस्तित्वात नाही. मग फोन ठेवून ती आबांच्या खुर्चीसमोर बसली आणि मोठ्याने म्हणाली, "आबा, तुमचं बोट चुकलं नव्हतं. मी नंबर लावलाच नव्हता."